जीर्णोद्धार आणि पाठभेद : अंगणातली अमेरिकन मोटार



साहित्याच्या व्यासपीठावरून मोटारगाडीवर बोलायचं म्हणजे श्रोत्यांच्या मनात पहिला प्रश्न येणारच, की याचा साहित्याशी संबंध काय? तो संबंध मी ओढूनताणून जोडणार नाही. माझं आयुष्य पाना आणि ग्रीस यांत गेलं आहे. पण जुनी गाडी दुरुस्त करताना जो प्रश्न दर चार दिवसांनी पुढ्यात येतो, तोच प्रश्न जुनी पोथी छापणाऱ्या संपादकापुढे येतो. मूळ काय, नंतर घातलेलं काय, आणि नंतर घातलेल्याचं करायचं काय? आज मी या एका प्रश्नाभोवतीच बोलणार आहे. आधी ही गाडी आपल्याकडे आली कशी ते सांगतो, मग ती घरी कशी हाताळायची ते, आणि शेवटी या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर.

सुरुवात एका शब्दापासून करू. जुनी गाडी पुन्हा उभी करण्याला आपण सहज 'जीर्णोद्धार' म्हणतो. हा शब्द देवळांचा. देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी, शिखरावर सिमेंटचा गिलावा. हेतू चांगला, श्रद्धा खरी, पण हेमाडपंती देऊळ त्याखाली दिसेनासं होतं. गाडीचंही असंच होतं. चकाचक रंग, नवं रेक्झिन, दुप्पट क्रोम, आणि मिरवणुकीत लोक टाळ्या वाजवतात. गाडी उजळते, पण तिच्यावर जे लिहिलं होतं ते पुसलं जातं.

आता ती आली कशी? 'अमेरिकन गाडी' म्हटलं की ती बोटीतून आयती आली असं आपल्याला वाटतं. पुष्कळशा गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या आणि जोडल्या गेल्या मुंबईत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. शेवरोले तिथून बाहेर पडू लागल्या. पुढे सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या आणि डॉज-फार्गो ट्रक येऊ लागले. महिंद्रांनी त्याच सुमारास विलिस जीप जोडायला घेतली. मग १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवावे लागतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर आणि महिंद्रा टिकले.

म्हणजे आज एखाद्या वाड्याच्या पडवीत उभी असलेली डॉज ही आराखड्याने अमेरिकन असली, तरी तिचे बोल्ट आवळणारे हात कुर्ल्याचे असू शकतात. गंमत अशी, की डॉज किंग्जवे, डी सोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय या तीन नावांच्या गाड्या आतून जवळपास एकच. पुढची जाळी वेगळी, नावाची पट्टी वेगळी, बाकी सांगाडा आणि इंजिन एकाच घराण्यातलं. एकच कथा तीन नावांनी छापावी तसं. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत असणं फार उपयोगाचं, कारण डॉजचा भाग मिळाला नाही तर प्लिमथचा शोधता येतो.

आपल्या भागाला या गाड्या मानवल्या. उंच बांधणी, जाड पत्रा, मजबूत पाटे आणि कमी फेऱ्यांवर जोर देणारं इंजिन. सातपुड्याच्या घाटात, मातीच्या रस्त्यांवर आणि खाणींच्या वाटांवर हे गुण कामाला येत. आपली ही जमीन मँगनीजची. इथल्या खडकांना भूवैज्ञानिकांनी नावच 'सौसर समूह' असं दिलं आहे. खाणवाले, ठेकेदार, मालगुजार, पुढे संत्र्यांचे व्यापारी यांना दणकट गाडी लागे. नागपूर-छिंदवाडा अरुंद रुळांची आगगाडी १९१३ मध्ये सुरू झाली होती आणि आपलं लोधीखेडा तिच्यावरचं स्टेशन. पण स्टेशनापासून पुढे जायला बैलगाडी किंवा मोटारच.

ती छोटी गाडी २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. अरुंद रुळांवरची जुनी इंजिनं आता नागपूरला मोतीबागेच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. जतन झालं हे चांगलंच, पण ती उभी आहेत. मोटारीच्या बाबतीत आपल्याला आणखी एक सोय आहे. ती एका माणसाच्या अंगणात, एका माणसाच्या कुवतीत चालती ठेवता येते. म्हणूनच ही गोष्ट संग्रहालयांवर सोडून न देता घरी करायची आहे.

समजा, तुमच्या घरी अशी गाडी आहे. आजोबांची असेल, नाहीतर कुणाच्या कोठारातून तुम्ही आणली असेल. वीस-पंचवीस वर्षं हललेली नाही. पहिली इच्छा काय होते? नवी बॅटरी लावायची आणि सेल मारून पाहायचा. वाचकहो, एवढं मात्र करू नका. सिलिंडरमध्ये गंज असतो, रिंगा चिकटलेल्या असतात. जोर लावून फिरवलं तर पन्नास-साठ वर्षं टिकलेली वस्तू अर्ध्या मिनिटात मोडते. आधी स्पार्क प्लग काढा, भोकांतून थोडं थोडं पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या. मग इंजिन हाताने फिरतं का पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते काढा, टाकी धुवा. आणि हे सगळं करण्याआधी फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, वायसर कोणत्या बाजूने बसला आहे, कोणत्या बोल्टला रंग लागला आहे आणि कोणत्या नाही, हे सगळं टिपून ठेवा. पोथीची पानं सोडवण्याआधी त्यांचा क्रम लिहून ठेवतात, तसंच हे.

इंजिन सुरू व्हायच्या आधी ब्रेक. या क्रमाबद्दल मी कुणाशी तडजोड करत नाही. गाडी चालली नाही तर फार तर हसू होतं, थांबली नाही तर जीव जातो. क्रायस्लरच्या या गाड्यांना चारही चाकांवर तेलाचे ब्रेक होते. पण सगळ्या चाकांना तेल एकाच नळीतून जातं. कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर बघायला बरे दिसले तरी बदलायचे. त्यांत ब्रेक ऑइलच घालायचं, इंजिनचं तेल चुकूनही नाही, त्याने रबर फुगतं. हँडब्रेकही मागच्या चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या शेपटाशी, शाफ्टवर असतो. त्यावर चालत्या गाडीत भरवसा ठेवू नका, तो उभ्या गाडीसाठी आहे.

मागच्या चाकांचे ड्रम ॲक्सलच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असतात. ते हातोड्याने निघत नाहीत. हातोड्याने निघतो तो ॲक्सलचा आकार. त्याला दणकट पुलर लागतो. आणि पुलर लावतानाही ॲक्सलचं नट पूर्ण काढायचं नाही, दोन-चार आट्यांवर ठेवायचं, कारण ड्रम सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकून उडवू नका, हवेच्या पाइपनेही नाही. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

चाकाचीच आणखी एक गोष्ट. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात. उजवीकडे सोडवायची जी दिशा, ती डावीकडे आवळायची. हे माहीत नसलेला पोरगा पान्यावर उभा राहून नाचतो आणि बोल्ट तोडतो. शिकवणाराही चिडतो, पण त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं.

आता इंजिन. या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच बाजूला असतात. साधं, शांत आणि सोशीक इंजिन. दाबाचं प्रमाण कमी, त्यामुळे आजचं साधं पेट्रोल त्याला पुरून उरतं. पण त्याचा एक आजार आपल्या हवेत हमखास दिसतो. ब्लॉकच्या आत, पाण्याच्या पंपामागे, पत्र्याची एक लांब नळी असते. पंपाचं थंड पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत नेऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास सोडणं हे तिचं काम. आपल्या विहिरींचं पाणी क्षाराचं. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं तर ही नळी गंजून तिची चाळणी होते. मग पुढचे सिलिंडर थंड, मागचे तापलेले. डॅशबोर्डवरचा काटा मात्र 'सगळं ठीक' असंच दाखवतो. नागपूरकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की मागचे व्हॉल्व्ह जळतात. लोक रेडिएटर बदलतात, पंप बदलतात, शेवटी गाडीला दोष देतात. नळी कुणी पाहत नाही, कारण ती बाहेरून दिसत नाही. ती काढायला रेडिएटर आणि पंप उतरवावा लागतो. एकदा करा, गाळ धुऊन काढा, नवी नळी घाला, मग शुद्ध पाणी आणि कूलंट भरा.

विजेची तऱ्हा आणखी निराळी. १९५५ पर्यंतच्या या गाड्या सहा व्होल्टच्या, आणि त्यांची बॅटरीची अधिक बाजू सांगाड्याला जोडलेली. १९५६ पासून बारा व्होल्ट आले आणि वजा बाजू सांगाड्याला गेली. आजच्या सवयीने तुम्ही बॅटरी जोडाल तर ती उलटी जोडली जाईल. सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबलही जाड लागते. दुकानातली आजच्या गाडीची बारीक केबल लावली की सेल कण्हतो, आणि सगळे म्हणतात स्टार्टर गेला. स्टार्टर ठणठणीत असतो, त्याला लागेल तेवढी वीजच पोचत नसते.

पेट्रोलचा एक नवा प्रश्न आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा घाला. गाडी महिन्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. अंगणात पाच मिनिटं घुरघुरवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण तेलात पाणी साचतं. पावसाळ्यात प्लॅस्टिक झाकू नका, आत दमट राहतं. सुती कापड आणि वर पत्र्याचं छप्पर बरं. आणि उंदीर. वायरिंग कुरतडण्यात त्यांच्याइतका हातखंडा कुणाचा नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हे सगळं कंपनीच्या पुस्तकात असेलच. असतं. पण ते पुस्तक वाचायला बसलं की दुसरी अडचण येते, आणि ती भाषेची आहे. आपण 'बॉनेट' म्हणतो, पुस्तकात असतं 'हूड'. आपण 'मडगार्ड' म्हणतो, तिथे 'फेंडर'. आपली 'डिक्की', त्यांची 'ट्रंक'. आपला 'डायनॅमो', त्यांचा 'जनरेटर'. आपलं 'अर्थ', त्यांचं 'ग्राउंड'. गाडी अमेरिकन आणि आपण तिच्यावर लावलेले शब्द इंग्रजांचे. 'डिक्की' हा तर जुन्या इंग्लिश गाड्यांच्या मागच्या उघड्या आसनाचा शब्द. ते आसन कधीच गेलं, शब्द आपल्याकडे राहिला.

आणि त्या शब्दांच्या खाली आपली स्वतःची एक बोली आहे. पाना, पकड, आटे, पाटे, वायसर, ढिबरी, बुश. माप सांगताना मिस्त्री म्हणतो 'दोन सूत', म्हणजे पाव इंच. व्हॉल्व्हची फट सांगताना म्हणतो 'दहा थाऊ', म्हणजे इंचाचे दहा हजारांश. लोधीखेड्यात एकाच वाक्यात क्रियापद मराठी, हत्याराचं नाव हिंदी, भागाचं नाव इंग्लिश आणि माप सुतांत, असं रोज चालतं. स्टेशनच्या फलकावर आपल्या गावाच्या नावातल्या 'ड'खाली नुक्ता असतो, बोलताना आपण तो टाकून देतो. कुणाला अडत नाही. ही सरमिसळ अशुद्ध आहे असं मला कधी वाटलं नाही, ती कामाला लागलेली भाषा आहे.

पण एका ठिकाणी सरमिसळ चालत नाही, ते म्हणजे आटे. अमेरिकन आटे वेगळे, जुने इंग्लिश वेगळे, आजचे मिलिमीटरवाले वेगळे. पाव इंची बोल्ट घ्या. अमेरिकन जाड आट्यांतही इंचाला २० आटे आणि इंग्लिश व्हिटवर्थमध्येही २०. हातात घेतले तर भाऊ-भाऊ वाटतात. पण अमेरिकन आट्याचा कोन ६० अंश, इंग्लिशचा ५५. एकात दुसरं जातं, दोन-तीन फेरे गोडीने बसतं, आणि मग आटे मारतं. तसंच अर्ध्या इंचाच्या डोक्याला १३ मिलिमीटरचा पाना लागल्यासारखा वाटतो, पण कणभर सैल असतो आणि कोपरे खातो. म्हणून अशा गाडीसाठी इंची पान्यांचा संच वेगळा ठेवा, आणि काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून काढला त्याच्याच डबीत.

आता मी मूळ प्रश्नाशी येतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झालं आणि या मोठ्या गाड्या पोसणं कठीण झालं. मग आपल्या मिस्त्रींनी काय केलं? पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. कुणी पर्किन्स, कुणी मॅटाडोरचं. त्यासाठी इंजिनाचे पाय नवे केले, गिअरबॉक्स जुळवला, कधी बॉनेटखालचा पत्रा कापला. कोणताही आराखडा हाताशी नसताना केलेलं हे काम आहे. जगात दुसरीकडेही हे घडलं. १९६२ च्या संपूर्ण व्यापारबंदीनंतर क्युबात अमेरिकन गाड्यांचे भाग येणं थांबलं, आणि तिथल्या लोकांनीही मिळेल ते डिझेल इंजिन घालून त्या गाड्या टॅक्सी म्हणून चालत्या ठेवल्या.

आता अशी डिझेलवाली डॉज तुमच्या अंगणात आली. तुम्ही काय कराल? एक मत असं, की हा कचरा उपटून टाका, गाडी १९५४ मध्ये कुर्ल्यातून निघाली तशी करा. दुसरं मत असं, की चालते ना, मग राहू द्या, आणखी दोन गोष्टी बदला.

इथे मला आपल्या वाङ्मयातली दोन नावं आठवतात. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने उतरवली गेली. उतरवणाऱ्यांच्या हातून चुका झाल्या, काहींनी प्रेमाने आपल्या ओव्याही घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या तपासून शुद्ध प्रत तयार केली आणि बजावलं, की यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये. त्यांना ग्रंथ वाचता यायला हवा होता, लोकांच्या नित्य उपयोगात हवा होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांना एकनाथांच्या आधीचा पाठ हवा होता. त्यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी १९०९ मध्ये छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरण लिहिलं. एकाला ग्रंथ चालता हवा, दुसऱ्याला ग्रंथ मुळातला हवा. दोघांचंही खरं. अंगणातल्या गाडीपुढे उभे असताना आपल्या मनात हे दोघेही भांडत असतात.

यातून वाट दाखवली ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ते १९६६ पर्यंत चाललं. त्या आवृत्तीचं पान उघडून पाहा. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, आणि खाली, बारीक अक्षरांत, नाकारलेले सगळे पाठभेद, कोणत्या पोथीत काय आहे त्या खुणेसह. संपादकाने निवड केली, पण नाकारलेलं जाळलं नाही. उद्या कुणाला निवड चुकीची वाटली तर त्याला परत जाता येईल, इतकी जागा ठेवली.

वाचकहो, घरी गाडी जपणाऱ्यासाठी माझं सांगणं एवढंच आहे. तुम्ही निवड करा, पण पाठभेद ठेवा.

म्हणजे प्रत्यक्षात काय? पहिलं, परत फिरवता येईल अशी दुरुस्ती करा. नवीन भाग बोल्टने बसवता येत असेल तर वेल्डिंग करू नका. वायरिंगमध्ये जादा काही जोडायचं असेल तर जुनी तार कापू नका, शेजारून वेगळी न्या. बारा व्होल्ट करायचेच असतील तर सहा व्होल्टचा डायनॅमो भंगारात घालू नका. दुसरं, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवा. कधी काढला, का काढला, जागी काय घातलं. तिसरं, रंग घासून काढण्याआधी एका आडजागी, दाराच्या आत किंवा डिक्कीच्या झाकणाखाली, वीतभर जागा तशीच सोडा. तिथे रंगाचे थर दिसतात. खाली कारखान्याचा, त्यावर लग्नासाठी दिलेला, त्यावर टॅक्सीचा. तो गाडीचा इतिहास आहे, एकदा घासला की गेला. चौथं, दोनशे पानी वही घाला. तिच्यात तारीख, किलोमीटर, काम, मिस्त्रीचं नाव आणि खर्च. मिस्त्रीचं नाव जरूर लिहा. पोथीच्या शेवटी उतरवणारा आपलं नाव लिहितो, मग त्याचं का लिहू नये?

आणि डिझेल इंजिनाचं? मूळ इंजिन त्याच गाडीचं कुठे पडलेलं असेल तर ते उभं करा, परत बसवा, आणि डिझेलचे पाय, पट्ट्या जपून ठेवा. मूळ इंजिन उरलंच नसेल तर डिझेल राहू द्या, त्याची नीट नोंद करा. ते या गाडीचं खरं आयुष्य आहे. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिच्या ट्यूरिन सनदेचा रोखही असाच आहे, की वस्तूचा इतिहास राखा आणि केलेलं काम नोंदवा. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जे वास्तूंसाठी म्हटलं गेलं, ते इथे वाहनांसाठी आलं.

पण इथे कायदा आडवा येतो, आणि ते टाळून चालणार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेलं, खासगी वापराचं वाहन त्यात बसतं. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदायची असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि अट अशी, की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

नियमाचा हेतू योग्य आहे, पण आपल्याकडच्या कित्येक गाड्या त्या अटीवर अडतात. मग मोह होतो. कुठूनतरी दुसरं इंजिन आणायचं, नंबर घासायचा, हवा तो नंबर ठोकायचा. हे करू नका. हा गुन्हा तर आहेच, शिवाय ही पोथीत आपली ओवी घालून ती ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवण्यासारखी गोष्ट आहे. एकदा नंबर घासला की त्या गाडीवर पुढे कुणाचाच विश्वास बसत नाही. बदललेली गाडी बदललेली म्हणून सांगा. कागद मिळाला नाही तरी अंगणात ती खरी राहील.

कागदांचंही आपल्याकडे एक प्रकरणच आहे. या भागातली १९५० च्या आधीची गाडी मध्य प्रांत-वऱ्हाडाची. १९५० नंतरची जुन्या मध्य प्रदेशची, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. आणि २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला. माणूस तिथेच, गाडी तिथेच, पण तिचं नोंदणीपुस्तक कधी या कार्यालयाचं, कधी त्या. म्हणून ज्यांच्या घरी जुनं नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या, विम्याचा कागद असेल, त्यांनी तो आधी सांभाळावा. इंजिनाचा भाग अजून परदेशातून मागवता येतो, १९५२ ची कराची पावती कुठूनही मागवता येत नाही.

याहून घाईची गोष्ट माणसांची आहे. ज्यांनी या गाड्यांवर हात चालवला ते मिस्त्री आता थकले आहेत. पाण्याच्या नळीची खोड, उलट्या आट्यांची खूण, डिझेलचे पाय कसे काढले, हे त्यांच्या बोटांत आहे, कागदावर नाही. त्यांच्या दुकानात पुढच्या पिढीची मुलं स्कॅनर लावून नव्या गाड्या दुरुस्त करतात, तेही योग्यच. पण म्हातारा मिस्त्री गेला की गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाते, किंवा मोठ्या शहरातला कुणी दलाल ती उचलतो, आणि आपल्याकडे तिची आठवणसुद्धा नीट उरत नाही.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे, आणि ती साहित्य संस्थेलाच करण्यासारखी आहे. सौसर, पांढुर्णा, लोधीखेडा, सावनेर या पट्ट्यातल्या मिस्त्रींची बोली गोळा करा. त्यांचे शब्द, मापं, म्हणी, कामाच्या गोष्टी लिहून घ्या. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, एक दुपार आणि दोन चहा पुरतात. तुमच्यापैकी ज्यांच्या नात्यात असा कुणी वस्ताद आहे, त्यांनी या दिवाळीआधी त्याच्याजवळ जाऊन बसावं. पहिला प्रश्न विचारा, 'काका, हे काढलं कसं?' त्याच्यापुढचे प्रश्न तो स्वतःच सांगेल.

आणि ज्यांच्या अंगणात गाडी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तिला धक्का मारू नये, सेल मारू नये. दार उघडून आत बसावं, वही काढावी आणि पहिल्या पानावर, आज ही गाडी कशी आहे, एवढंच लिहावं. काय गंजलं आहे, काय बदललं आहे, काय कुणाचं आहे. काम तिथून सुरू होतं.